ठिणगी काठावर, नेम मध्यावर

शाळा-कॉलेजात एन.सी.सी. केलेल्या कुणालाही, मग तो कळमनुरीचा असो की कोल्हापूरचा, फायरिंगचा दिवस कसा होता ते विचारून पाहा. पोटावर पालथं पडायचं, समोरच्या कागदी निशाण्यावर डोळा लावायचा, श्वास धरायचा आणि पॉइंट टू-टू रायफलचा चाप दाबायचा. मोजून मिळालेली काडतुसं हां हां म्हणता संपतात. मग रिकाम्या पुंगळ्या गोळा होतात, मोजल्या जातात आणि परत जातात. त्या परत करण्याआधी ज्यानं एखादी पुंगळी निरखून पाहिली असेल, त्याला तिच्या बुडावर मधोमध काहीच खूण दिसली नसेल. ठोका पडलेला असतो तो कडेला, तांदळाच्या कणीएवढा.

या कडेच्या ठोक्यावरूनच काडतुसाला नाव पडलं आहे, रिमफायर. रिम म्हणजे काठ. पोलिसांच्या किंवा सैन्याच्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी एक टिकली बसवलेली असते आणि बंदुकीतली टाचणी त्या टिकलीवर आपटते. रिमफायरमध्ये टिकली नसतेच. पितळी पुंगळीच्या काठाला आतून पोकळ घडी असते. कारखान्यात ओला स्फोटक मसाला पुंगळीत घालून ती गरगर फिरवतात, म्हणजे मसाला त्या घडीत सगळीकडून जाऊन बसतो. टाचणीनं काठ चिमटला की मसाला पेटतो, त्यानं दारू पेटते आणि गोळी निघते.

ही कल्पना १८४५च्या सुमाराची, फ्रान्समधल्या लुई-निकोला फ्लोबेर याची. घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळता यावा म्हणून त्यानं असली चिमुकली काडतुसं काढली. १८५७मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस आणलं. १८८७मध्ये स्टीव्हन्स कंपनीचं पॉइंट टू-टू लाँग रायफल आलं आणि तेच आजतागायत जगभर चालतं. नावात रायफल असली तरी पिस्तुलातही हेच वापरतात. अख्खं काडतूस जेमतेम इंचभर लांब, गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची, वजनाला अडीच ग्रॅमच्या किंचित वर. झटका कमी, आवाज कमी, किंमत कमी. म्हणून शिकणाऱ्याच्या हाती पहिलं काडतूस हेच देतात आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतही हेच असतं. मात्र चिमुकलं आहे म्हणून कुणी त्याला खेळणं समजू नये. मोकळ्या रानात सुटलेली ही गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

स्वस्त आणि सौम्य असलं तरी पिस्तूल बनवणाऱ्याला या काडतुसाइतकं छळणारं दुसरं काही नसेल. काठात मसाला एखाद्या जागी विरळ बसला आणि टाचणी नेमकी तिथंच आपटली, तर गोळी सुटत नाही. पुंगळीला बाहेर आलेला काठ असल्यामुळे मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या काडतुसांचे काठ एकमेकांत अडकतात. गोळी उघड्या शिशाची आणि मऊ, वर मेणासारखं वंगण. चेंबरच्या तोंडाशी जराशी आपटली तरी ती चेपते. त्यातून या काडतुसाचं अर्ध-स्वयंचलित पिस्तूल चालतं ते पुंगळीच्या मागच्या धक्क्यावर. गोळी पुढे जाताना पुंगळी मागे ढकलली जाते, तीच स्लाईड मागे नेते, स्वतः बाहेर उडते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना स्लाईड नवं काडतूस आत ढकलते. हा धक्का मुळातच बेताचा असतो. काडतूस जरा कमी जोराचं निघालं, स्प्रिंग जरा कडक असली, आत काजळी साचली, की स्लाईड अर्ध्यावर थांबते आणि पुंगळी उभीच्या उभी अडकून बसते.

म्हणूनच नेमबाज एखाद्या पिस्तुलाचं कौतुक करतो तेव्हा त्याच्या तोंडी अचूकपणाच्या आधी भरवशाची गोष्ट येते. पंचवीस मीटरवर सगळी छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी अचूकता चांगल्या कंपनीचं कुठलंही टार्गेट पिस्तूल देतं. पण हजारावी गोळीही पहिलीसारखीच निघेल, या खात्रीवर नेमबाज जीव लावतो. ती खात्री नसेल तर मन चापावर राहत नाही, ‘आता अडकणार का’ यावर जातं, आणि नेम तिथंच हुकतो.

असा जीव लागलेली काही पिस्तुलं या खेळात घरातल्या नावांसारखी घेतली जातात. स्वित्झर्लंडचं हॅमर्ली २०८ त्यातलं एक. त्याचं उत्पादन कधीच थांबलं, तरी ज्यांच्याकडे ते आहे ते विकायला तयार नसतात. जर्मनीच्या वाल्थर कंपनीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस जीएसपी हे पिस्तूल आणलं. त्यात मॅगझिन मुठीत न ठेवता चापाच्या पुढे बसवलं. दिसायला चौकोनी, ठोकळ्यासारखं. पण मूठ मोकळी झाल्यामुळे ती हाताच्या मापाने हवी तशी घडवता आली आणि नळी बरीच खाली, हाताच्या जवळ आली. नळी जितकी खाली, तितका झटक्यानं पिस्तूल वर उडण्याचा ताण कमी. इटलीचं पार्दिनी, जर्मनीचंच फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडचं मोरिनी, सगळ्यांनी पुढे हीच मांडणी उचलली. आज आंतरराष्ट्रीय रेंजवर एका ओळीत उभ्या असलेल्या नेमबाजांचे हात पाहिले तर जवळपास सगळीकडे पुढे मॅगझिन असलेली हीच ठेवण दिसेल.

अमेरिकेत विल्यम रुगर यांनी १९४९मध्ये आणलेल्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. किंमत साडेसदतीस डॉलर, बांधणी साधी, बिघाड क्वचित. सामान्य माणसाला परवडणारं आणि अडून न बसणारं म्हणून त्याच्या पुढच्या आवृत्त्या पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिल्या. त्याचा एकच त्रास सगळ्यांनी सोसला. साफसफाईसाठी उघडलं की पुन्हा जोडताना भले भले घामाघूम व्हायचे. २०१६मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा कुठे एका बटणावर ते उघडू लागलं.

आणि मिखाईल मार्गोलिन. सोव्हिएत रशियातल्या या माणसाची तरुणपणीच डोक्याला झालेल्या जखमेनं दृष्टी गेली. तरीही त्याला शस्त्रांच्या रचनेचंच वेड. पिस्तुलाचा एकेक भाग माती-लाकडाच्या नमुन्यात बोटांनी चाचपून तो रचना करायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं घडवलेलं पॉइंट टू-टू पिस्तूल ‘मार्गोलिन’ याच नावानं ओळखलं गेलं आणि अनेक देशांतल्या नेमबाजांनी त्यावर हात बसवला. ज्याला निशाणा कधी दिसणार नव्हता त्यानं नेमासाठी असं यंत्र घडवावं, याचं मोल कुठल्याही पदकाहून कमी नाही.

पिस्तूल कारखान्यातून आलं म्हणजे तयार झालं असं नाही. टार्गेट पिस्तुलाची मूठ बहुतेक अक्रोडाच्या लाकडाची असते, खडबडीत केलेली, आणि ती जाणूनबुजून थोडी ओबडधोबड दिलेली असते. मालक ती स्वतः घडवतो. कानस आणि सँडपेपर घेऊन बसायचं, जिथं अंगठ्याचा उंचवटा टोचतो तिथं चार दाणे घासायचे, जिथं तळहाताच्या खोबणीत पोकळी राहते तिथं लाकडाची लुगदी भरायची. ती ओली असतानाच हात दाबून ठसा घ्यायचा, सुकू द्यायची, परत हातात धरायची. मग डोळे मिटून हात उचलायचा, निशाण्याच्या दिशेला न्यायचा आणि डोळे उघडायचे. मागची खाच आणि पुढची पट्टी आपोआप एका रेषेत आली तर मूठ जमली. एकीकडे झुकली तर पुन्हा कानस. हे काम कित्येक आठवडे चालतं. उन्हाळ्यात घाम येतो, तळहात फुगतो, हिवाळ्यात आक्रसतो, तेव्हा पुन्हा थोडं घासणं आलंच. काही वर्षांनी त्या मुठीवर एका माणसाच्या हाताचा साचा उमटतो. दुसऱ्यानं ते पिस्तूल हातात घेतलं तर त्याला लगेच कळतं की हे आपलं नाही.

नियमांची चौकटही काटेकोर आहे. पंचवीस मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाचं वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, नळी १५३ मिलिमीटरहून लांब नको आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. चाप फार हलका करून ठेवू नये म्हणून स्पर्धेआधी त्याला एक किलोचं वजन टांगतात आणि पिस्तूल वर उचलतात. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली चापाला लटकवल्यासारखंच ते. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही, तरच पिस्तूल पास.

काडतुसांची निवड हा आणखी एक ध्यास. इंग्लंडची इली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही नावं नेमबाजांच्या तोंडी किराणा मालाइतकी सहज असतात. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण कारखान्यातल्या दोन वेगळ्या घाण्यांचा माल एकाच नळीतून वेगळा वागतो. त्यामुळे जाणकार लॉट नंबर पाहून खरेदी करतात, आणि पिस्तुलाला मानवलेला लॉट सापडला की तोच साठवतात. बहुतेक स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाहून कमी वेगाची असतात. गोळी आवाजाचा वेग ओलांडून वाटेत पुन्हा त्याखाली आली तर ती डळमळते, हे त्यामागचं कारण.

निगा साधीच, पण चुकवायची नाही. संध्याकाळी रेंजवरून आल्यावर चेंबरच्या तोंडाशी साचलेली काजळी आणि मेण कापडानं पुसायचं, पुंगळी ओढणाऱ्या आकड्याच्या खाचेतली घाण टाचणीनं काढायची, तेलाचा एक थेंब पुरे. दोन थेंब टाकले तर धूळ चिकटते. आणि नवशिक्याला कोच पहिल्याच दिवशी दटावतो ती गोष्ट म्हणजे जुन्या रिमफायर पिस्तुलाचा चाप रिकाम्या चेंबरवर उगाच दाबत बसू नये. आत पुंगळी नसली तर टाचणी थेट चेंबरच्या पोलादी कडेवर आपटते, कड चेपत जाते, आणि एक दिवस काडतूस आत बसेनासं होतं. नव्या टार्गेट पिस्तुलांत कोरड्या सरावाची सोय वेगळी दिलेली असते. सरावात खऱ्या गोळ्यांपेक्षा या कोरड्या चापाच्या फेऱ्याच जास्त होतात.

महाराष्ट्रात या पिस्तुलाचं सर्वात ओळखीचं नाव म्हणजे राही सरनोबत. कोल्हापूरची. उषाराजे हायस्कूलमध्ये शिकत असताना तिच्याच शाळेतून गेलेल्या तेजस्विनी सावंतनं २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं जिंकलं आणि राहीला वाट दिसली. तेजस्विनीचं ते सोनं एअर रायफलचं होतं, पण तिची पुढची पन्नास मीटरची रायफल आणि राहीचं पिस्तूल वेगवेगळं असलं तरी दोघींचं काडतूस तेच, पॉइंट टू-टू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्य आणलं, तेही याच काडतुसावर. राहीनं २०१० साली दिल्लीत अनिसा सय्यदच्या जोडीनं राष्ट्रकुल सुवर्ण घेतलं. २०१३मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज ठरली. पुढे कोपराची दुखापत, बराच काळ थांबणं, मग ऑलिंपिक पदकविजेत्या मुंखबायर दोर्जसुरेन यांच्याकडचं शिक्षण. राज्य सरकारनं तिला उपजिल्हाधिकारी म्हणून सेवेत घेतलं.

कोल्हापूरला दुधाळीची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीची, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची. गावात रेंज असली की शाळेतून घरी जाताना पोरं डोकावतात, एखाद्याची मोठी बहीण नेमबाज असते, कुणाच्या काकांकडे जुनं पिस्तूल असतं. कौतुक असं शेजारातून येतं. मराठवाड्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात हा शेजार नाही, आणि इथल्या पोरांच्या हातात कमी आहे म्हणून नव्हे, तर पाहायलाच मिळत नाही म्हणून हा खेळ त्यांच्यापासून दूर राहतो.

कळमनुरीच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा नाद लागलाच तर वाट कशी आहे, हे नीट सांगितलं पाहिजे. सुरुवात रिमफायरनं होत नाही, एअर पिस्तुलानं होते. दहा मीटर अंतर, साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दारू नाही, फक्त दाबलेली हवा. ठरलेल्या मर्यादेतल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. शाळेची एखादी लांबट खोली, मागे पक्की भिंत, समोर निशाणा अडकवायची चौकट आणि शिस्त सांभाळणारा एक जाणता माणूस एवढ्यावर दहा मीटरची रेंज उभी राहते. तालुक्याच्या क्रीडासंकुलाचा आराखडा करणाऱ्यांनी कबड्डी-कुस्तीच्या मैदानाशेजारी अशी एक खोली धरलीच पाहिजे. ती महागडी चैन नाही.

हात स्थिर झाला, स्पर्धांमध्ये गुण दिसू लागले, की रिमफायर. इथून कायदा सुरू होतो, १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम. कळमनुरीच्या अर्जदाराचा परवाना हिंगोलीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा जिल्हा होण्याआधी हीच फाईल परभणीला गेली असती. पोलिसांची चौकशी होते, रायफल क्लबचं सभासदत्व आणि प्रशिक्षण पाहिलं जातं. स्वतःच्या नावावर परवाना घ्यायला वय २१ पूर्ण हवं. त्याआधी शिकणाऱ्यानं देखरेखीखालीच पिस्तूल हाताळायचं. २०१९च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मर्यादा घातली, नेमबाज खेळाडूंना मात्र त्यातून सवलत ठेवली. २०२०च्या सुरुवातीला केंद्रीय गृह मंत्रालयानं नेमबाजांची पॉइंट टू-टू काडतुसांची वार्षिक मर्यादा एक हजारावरून पाच हजारांवर नेली. रोज शंभर गोळ्या झाडायच्या म्हटल्या तर हजार काडतुसं दहा दिवसांत संपतात, हे लक्षात घेतलं की हा बदल किती गरजेचा होता ते कळतं.

खासगी माणसाला परदेशी पिस्तूल मागवण्याची मुभा १९८०च्या दशकातच बंद झाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर सिद्ध झालेले नेमबाजच सवलतीत आयात करू शकतात. त्यामुळे आपल्याकडे हॅमर्ली किंवा वाल्थर कपाटात रांगेनं मांडून ठेवणारे शौकीन जवळपास नाहीत. चांगलं पिस्तूल एका नेमबाजाकडून रीतसर परवानगीनं दुसऱ्याकडे जातं आणि वीस-वीस वर्षं चालतं. जुन्या मालकाच्या मुठीवर नवा मालक कानस चालवतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की गावातल्या परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांसाठी त्यात सूट ठेवलेली आहे, पण ती मागून घ्यावी लागते.

या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष होते दादासाहेब, म्हणजे गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. आजही राज्य स्पर्धेतून पुढे गेलेला नेमबाज ‘मावळणकर खेळलो’ असं सांगतो. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेतून पार झाल्यावर नव्या नेमबाजाला राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडतं.

हात, यंत्र आणि काडतूस तिन्ही एकत्र भरवशाला उतरले म्हणजे काय होतं, ते २२ ऑगस्ट २०१८ला इंडोनेशियात पालेमबांगच्या रेंजवर दिसलं. आशियाई स्पर्धेची पंचवीस मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी. पाच-पाच गोळ्यांच्या दहा फैरी. हात पंचेचाळीस अंशांवर खाली, सात सेकंद लाल दिवा, मग हिरवा दिवा आणि तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी. पुन्हा हात खाली. गोळी ठरावीक वर्तुळाच्या आत गेली तर एक गुण, बाहेर गेली तर शून्य. अर्धा गुण, पाव गुण असं काही नाही. प्राथमिक फेरीत पुढे असलेली मनू भाकर सहावी येऊन बाहेर पडली. पन्नास गोळ्या संपल्या तेव्हा राही आणि थायलंडची नफास्वान यांगपाइबून दोघींचे गुण चौतीस.

मग शूट-ऑफ. पाच गोळ्या. दोघींचे चार-चार. पुन्हा बरोबरी.

पुन्हा पाच काडतुसं मॅगझिनमध्ये. पंचावन्न वेळा उचललेला हात या वेळपर्यंत जड होतो, खांद्यात आग होते. पिस्तूल या क्षणी एकदा जरी अडलं असतं, तर नियमाप्रमाणे नळी निशाण्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याची वाट पाहायची. स्वतः स्लाईडला हात लावला तर दाद मिळत नाही. तसं काही झालं नाही. नफास्वानचे दोन लागले, राहीचे तीन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

रेंजवर जिंकल्यावरही आधी हात उंचावता येत नाहीत. मॅगझिन बाहेर काढायचं, स्लाईड मागे अडकवायची, चेंबर रिकामं असल्याचं अधिकाऱ्याला दाखवायचं, त्यात सुरक्षेची रंगीत पट्टी सरकवायची आणि पिस्तूल समोरच्या टेबलावर निशाण्याकडे तोंड करून ठेवायचं. ते ठेवून झालं की मग मागे वळायचं.